नळीतला शेवटचा भारा

मलंगगडाशेजारच्या एका डोंगराला नळी होती. नळी म्हणजे दोन कातळांमधून सरळ खाली उतरणारी अरुंद घळ. माथ्यावर कमरेएवढे गवत वाढे. दिवाळी झाली की गावकरी ते कापून भारे बांधत आणि नळीत सोडून देत. नळीतल्या वाळल्या गवतावरून ते असे सुसाट घसरत येत की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. खाली बैलगाड्या उभ्या असत. तिथून गवत कल्याणला आणि पुढे मुंबईच्या घोड्यांच्या तोंडी जाई.

माथ्यावर प्रत्येक घराचा वाटा ठरलेला होता. कापणी संपली की त्या घरच्या माणसाने आपल्या शेवटच्या भाऱ्यावर बसून खाली यायचे, मागे कोणीतरी जोडीदार घ्यायचा, अशी रीत. ज्या घराला हे जमणार नाही, त्याचा वाटा पुढल्या साली दुसऱ्याला. माझ्या मित्राचा बाप असाच येताना नळीतल्या मधल्या खडकावर आपटला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. गावाने एक साल माफ केले. यंदा माफी नव्हती.

"वाटा गेला तर जाऊ दे," बाप म्हणाला, "माझा पोरगा नळीत बसनार नाय."

मित्राने हो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. मी कल्याणचा, शाळेत शिकणारा, आमची शेती त्या गावात म्हणून येणारा-जाणारा. माझीच निवड का, असे मी जरा छाती फुगवून विचारले.

"इथले सगले माझ्या वाट्यावर डोला ठेवून हायेत," तो म्हणाला. "आनि तुझं वजन हाय. मागं बसायला तेवढं बास."

राग आला, पण जायचे तर होतेच. नळीत बसायची हौस मला केव्हापासूनची होती.

नळी चढताना हातापायांवर आलो. वाळके गवत मुठीत धरले की सुळकन सुटे. मागे वळून पाहिले तर खाली बैल मुंगळ्यांएवढे दिसत होते. भीती वाटली, आणि खरे सांगतो, ती भीती मला फार आवडली. माथ्यावर पोचलो तेव्हा मी उगाचच हसत होतो. मित्राने उरलेले गवत कापले, भारा वेलीने करकचून बांधला, नळीच्या तोंडाशी ओढला आणि पुढे बसला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली.

"टाच मी सांगीन तवाच रोव," एवढे तो म्हणाला आणि आम्ही सुटलो.

काय तो वेग! कानात वारा नुसता घुमत होता. कातळ दोन्ही बाजूंनी वर पळत होते, तोंडात कुसळे, डोळ्यांत पाणी. मी ओरडत होतो, तोही ओरडत होता. मधला खडक दिसला आणि मित्र एकदम गप्प झाला. त्याने अंग डावीकडे टाकले, मीही टाकले, खडक माझ्या गुडघ्याला चाटून गेला. सुटलो म्हणेस्तोवर समोर, नळीच्या अगदी मधोमध, त्याचा बाप उभा. आमच्या मागोमाग खुरडत चढून आला होता. दोन्ही हातांत घोंगडी पसरून पोराला झेलायला उभा होता.

"टाच!" मित्र किंचाळला. आम्ही चारी टाचा रोवल्या. भारा गरकन फिरला आणि बापाच्या पायाशी येऊन थांबला.

बापाने तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आधी पोराला, मग मला, मग गवताला. मित्र मान खाली घालून ऐकत होता. शिव्या संपल्यावर बापाने खाली पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. चढताना कसाबसा चढला होता. त्या पायाने उतरणे शक्य नव्हते.

"आता मी खाली जाऊ कसा रं?"

मित्राने भाऱ्यावर जागा केली. बापाने खालचा उतार एकदा नजरेने मोजला. शेवटी घोंगडी गळ्यात बांधून आमच्या दोघांच्या मध्ये बसला. त्याने पोराची कंबर घट्ट धरली. पहिल्या उतारावर त्याने डोळे मिटून घेतले असावेत, कारण देवाचे नाव ऐकू येत होते. मग नाव थांबले. मग त्याने अशी आरोळी ठोकली की आमच्या दोघांचे आवाज तिच्यात बुडाले.

खाली भारा गाडीच्या चाकाला टेकला. म्हातारी मंडळी जमली. जोडीने यायची रीत, हे तिघे कसे, म्हणून कोणी कुरकुरले, पण भारा शाबूत होता आणि घरचा माणूस पुढे होता. वाटा राहिला. मित्र गवतात तोंड खुपसून रडायला लागला. बाप पोराच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. त्याच्या दाढीत कुसळे अडकली होती. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "पुढल्या साली तू नको येऊ. याच्या मागं मी बसनार."

माझी जागा तिथेच गेली, आणि मी इतक्या आनंदाने कुठलीही जागा सोडलेली नाही.