याप सरांचा चौथा स्टँड

प्रबोध गायकवाड आणि मी सिंगापुरात पुंगोलच्या एकाच ब्लॉकमध्ये आठ वर्षं राहतोय. तो नवव्या मजल्यावर, मी सहाव्या. प्रबोध मूळचा नांदेडचा, मेकॅनिकल इंजिनिअर, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत हॉस्पिटलच्या उपकरणांचे स्टँड डिझाइन करतो. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त इतका की कुणी हात धरून ओढलं तर परक्याच्या वरातीतही नाचून येईल. या भिडेचा मला भयंकर राग येतो, आणि ते मी त्याला वरचेवर ऐकवतो.

२०१६ साली त्याच्या याप सरांनी त्याला एक काम सांगितलं. हे सर म्हणजे प्रबोधचे इथले पहिले साहेब. तो नवखा असताना त्याला हाताला धरून शिकवलं ते यांनीच. तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे, रिटायर्ड. त्यांची मुलगी न्यूझीलंडला मेंढ्यांच्या फार्मवर राहते. पूर्वी दरवर्षी सर तिकडे जायचे आणि बापलेक मिळून हरणाची शिकार करायचे. बायको गेल्यापासून पाच वर्षं ते गेले नव्हते, आणि आता मुलीनं बोलावलं होतं. बंदूक, परवाना सगळं तिकडेच. हवा होता तो बंदूक टेकवायचा स्टँड आणि मारलेलं हरीण डोंगरातून खाली आणायची हातगाडी.

"यू स्टँड एक्स्पर्ट, लाह," सर त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "तूच निवड."

"दर रविवारी पंचशील म्हणतोस ना रे?" मी प्रबोधला टोचलं. "जीवहत्या करणार नाही म्हणून? मग हे काय चाललंय?"

तो गोरामोरा झाला. दोन दिवसांनी खाली माझ्याकडे आला. "निशिकांत, मी खूप विचार केला. ते शिकारीला जाणारच. पण हात हलला तर गोळी पोटात लागते आणि जनावर दिवसभर तडफडून मरतं. स्टँड चांगला असला तर निदान तेवढं तरी टळेल." मी वाद सोडून चहा टाकला. असं माझं क्वचित होतं.

सिंगापूरमध्ये बंदूक आणणार कुठून? प्रबोधनं तीन तऱ्हेचे स्टँड घरी मागवले, बायकोचा, म्हणजे ललितावहिनींचा, मॉप घेतला, त्याच्या दांड्याला ऑफिसातला लाल ठिपक्याचा पॉइंटर बांधला आणि हॉलच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. स्टँडवर दांडा टेकवायचा, नेम धरायचा आणि ठिपका किती हलतो ते मोजायचं. एकपायी स्टँडवर त्याचा ठिपका चार बोटं हलला, दोनपायीवर दोन, तिवईवर जेमतेम एक. माझंही तसंच. मग याप सर तिवईला उभे राहिले, आणि ठिपका कागद सोडून थेट कॅलेंडरवर गेला. त्यांचा उजवा हात थरथरत होता. ते आम्हाला दिसलं, वहिनींनाही दिसलं. प्रबोध खाकरला.

"स्क्रू सैल आहे, सर," तो म्हणाला.

मग आणखी एक स्टँड मागवला, चारपायी, बंदूक पुढूनही धरणारा आणि मागूनही. त्यावरही ठिपका नाचला तेव्हा प्रबोधनं स्टँडच्या पायांच्या रबराला दोष दिला.

"भाऊजी, तुम्ही तरी यांना सांगा," वहिनी वैतागल्या. "हॉलमध्ये चालताना रोज ठेचकाळते मी."

"अरे, सांगून टाक ना त्यांना!" मी ओरडलो.

"सरांना? कसं सांगू? त्यांनी मला घडवलं रे."

हातगाड्या दोन आल्या होत्या. त्या खडबडीत वाटेवर बघायच्या म्हणून एका शनिवारी सरांसह आम्ही तिघं पुलाउ उबीन बेटावर निघालो. सोबत हरणाऐवजी पंचाहत्तर किलो तांदूळ, चौथा स्टँड आणि मॉप. बेटावर नेणारा बमबोटवाला नावाडी पोट धरून हसला. गाडी ओढायला अर्थातच मी. दोनचाकी डांबरी रस्त्यावर झकास चालली, पण रानातल्या अरुंद वाटेवर तिचं एक चाक मुळावर चढलं, गाडी कलंडली आणि पोतं फाटलं. एकचाकी त्याच वाटेनं सरळ निघाली. फक्त एकानं पुढून ओढायचं आणि एकानं मागून तोल सांभाळायचा. बापलेक दोघं आहेतच, तेव्हा एकचाकी ठरली.

तेवढ्यात सांडलेल्या तांदळावर एक रानडुकरीण चार पिल्लं घेऊन आली. अंतर वीसेक पावलं. याप सरांचे डोळे चमकले. त्यांनी हळूच स्टँड उभा केला, त्यावर मॉप टेकवला. दाट सावलीत लाल ठिपका स्वच्छ दिसत होता. तो डुकरिणीच्या खांद्यावर पडला, तिथून पोटावर घसरला, पोटावरून एका पिल्लावर गेला आणि शेवटी झाडावर.

आता कुठला स्क्रू सैल निघतो, म्हणून मी बघत राहिलो. प्रबोधनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "सर, पोटात लागली असती. नाहीतर पिल्लाला. स्टँड चांगला आहे. सगळेच चांगले होते. तुमचा हात हलतोय."

सर परतताना बोटीत पाण्याकडे तोंड करून बसले. प्रबोधचा चेहरा उतरला होता, आणि मला प्रथमच त्याचा अभिमान वाटत होता. चांगीच्या धक्क्यावर उतरल्यावर सर वळले.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून, सर. सांगायचा धीर झाला नाही."

"मलाही माहीत होतं," सर म्हणाले. "तू स्क्रूला दोष दिलास, मला बरं वाटलं." आणि एकचाकी गाडी त्यांनी स्वतः उचलून टॅक्सीत घातली.

सर न्यूझीलंडला गेले ते चौथा स्टँड आणि ती गाडी घेऊन. बारा दिवस निरोप नाही. प्रबोधचं जेवणात लक्ष लागेना. तेराव्या दिवशी मेसेज आला आणि तो फोन घेऊन जिन्यानं धावत माझ्याकडे आला. हरीण दीडशे पावलांवर उभं होतं, बंदूक स्टँडवर टेकवलेली होती. सर बाजूला झाले आणि मुलीला पुढे केलं. एकच गोळी, हरीण जागच्या जागी पडलं. तिनं गाडी पुढून ओढली, सरांनी मागून धरली, तीन तास.

त्याखाली सरांनी लिहिलं होतं, "वाटेत तिनं विचारलं, बाबा, तुम्ही का नाही मारलं? मी म्हटलं, हात थरथरतो. डॉक्टर सोडून कुणालाही मी हे आजवर आपणहून सांगितलं नव्हतं. गाडी तिथंच सोडून ती माझा हात धरून बसली."