अंगाईवर भरलेली काडतुसं

पाथर्डीजवळ आमच्या बांधाला लागून शेत असलेले काका परवान्याच्या बंदुकीची काडतुसं स्वतः भरतात. काळी दारू मापाने घेतात आणि ठासताना अंगाई गुणगुणतात.

"ताल चुकला की दाब बदलतो, मंग गोळी भरकटती," म्हणतात.

परवा दिवस कलताना रानडुकरं माझ्या भुईमुगात शिरली. काकांनी बार काढला. धूर पिकावर ढगासारखा तरंगत राहिला. डुकरं पळाली, मेलं एकही नाही.

"काका, दरसाल नेम चुकतो तुमचा! भुईमूग उरायचा नाही माझा."

"आधी बांधावरचा धोंडा बघून ये, जा."

मी धुरातून चालत गेलो. इतक्या वर्षांतल्या सगळ्या बारांचा धोंड्यावर एकच खड्डा होता, वाटीएवढा, अजून कोमट.