आईचं "नो" थंडीला होतं

आधी एक चूक दुरुस्त करते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकाठच्या रानात चिंपांझी पाहून आलो, त्या पोस्टमध्ये मी "आम्ही सगळे नियम पाळले" असं लिहिलं होतं. ते खरं नाही, हे आज दुपारी कळलं.

इथल्या लिटिल इंडियात, म्हणजे भारतीय दुकानांच्या वस्तीत, मिठाईच्या दुकानात आई मावशीला गंमत सांगत होती. "अगं, बोटीतून उतरले तर रेंजर विचारतो, 'कोल्ड?' मी म्हटलं, नो नो, व्हेरी नाइस! वारा किती छान होता!"

तो थंडीचं नाही, सर्दीचं विचारत होता. माणसाच्या सर्दीने चिंपांझी मरूही शकतात, म्हणून आजारी माणसाला आत सोडत नाहीत. आईला सर्दी होती, हे मला माहीत होतं. तिने सांगितलं असेल आणि रेंजरने किरकोळ समजून सोडलं असेल, असं मी धरून चालले. शिवाय रानात शिंकताना तिने सक्तीचा मास्कही खाली ओढला, "ओला होतो गं" म्हणून, आणि मी ते चालवून घेतलं. समोर एक मादी पिल्लाला घेऊन बसली होती.

मी हे सांगून तिथे कळवायला हवं म्हटल्यावर आईने हातातला पेढा खाली ठेवला.

"आता कळवून काय होणार?" मावशी म्हणाली. "पुन्हा येऊ देणार नाहीत, एवढंच."

"नाही तर नाही," आई म्हणाली. "पिल्लावर लक्ष तरी ठेवतील. कळव. आणि माझं नाव घाल, तुझं नको."

पाचवीपर्यंत आईनेच मला घरी शिकवलं. चुकलेलं उत्तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, हा तिचा नियम.

तुम्ही कळवलं असतं का? आज रविवार आहे. उद्या, सोमवारी, त्या रानाचं ऑफिस उघडताच मी फोन करणार आहे. दोघींची नावं सांगेन.