कागदावरचा मालक

फोन खुद्द वहिनींचाच होता. "भाऊजी, हे उठंनात हो..." एवढंच म्हणाल्या. मी सेलूला पोचलो तेव्हा सुधाकर नुसता झोपल्यासारखा दिसत होता. झोपेतच गेला. अंगणात माणसं जमली होती, आणि माझं लक्ष मात्र सारखं पत्र्याच्या शेडकडे जात होतं. तिथे त्याची गाडी उभी होती. तिलाही कुणीतरी सांगायला हवं, असं मला वाटून गेलं आणि माझाच मला राग आला.

सुधाकरचा जन्म तहसिलात गेला. बुटका, काटेकोर, सही-शिक्क्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा हा माझा मित्र निवृत्त झाला आणि हैदराबादेहून एक जुनी गाडी घेऊन आला. कंपनी साधीच, मास्तर-डॉक्टरांच्या दारात दिसते ती. पण ही गाडी तिने हौशी लोकांसाठी काढलेली. दोनच दारं, लांबलचक बोनेट, लांबच्या रस्त्यावर पळवायची. "डोकं फिरलंय तुझं," मी म्हणालो. "जन्मभर साहेबाच्या जीपमधी मागं बसलो," तो म्हणाला, "आता पुढं बसायचंय." आधीचे मालक विश्वनाथराव वारले होते. किल्ली देताना त्यांचा मुलगा म्हणाला, "पापा का सीट वैसाइच रखे हम." सीट विजेच्या मोटरवर सरकणारी, बसणाऱ्याचं माप लक्षात ठेवणारी. गाडी सुरू केली की ती आपोआप विश्वनाथरावांच्या मापात मागे जायची. माणूस चांगलाच उंच असणार, कारण सुधाकरचे पाय ब्रेकला पोचत नव्हते. दर वेळी तो बटण दाबून सीट पुढे घ्यायचा, दर वेळी ती पुन्हा मागे.

गाडीच्या पूजेला आम्ही पोखर्णीला गेलो. नरसिंहाच्या देवळाबाहेर गुरुजींनी संकल्पासाठी मालकाचं नाव विचारलं आणि या पठ्ठ्याने विश्वनाथरावांचं सांगितलं! कागदं अजून बदलून यायची होती ना. गुरुजींना काय ठाऊक? त्यांनी मेलेल्या माणसाला खणखणीत आवाजात दीर्घायुष्य दिलं. मी हसू दाबत होतो. मग गाडी सुरू केली आणि सीट मागे गेली, नेहमीपेक्षा सावकाश, आत कुणी ऐसपैस बसावं तशी... माझं हसू गेलं. "हे माप पुसून तुझं बसव," मी म्हणालो. "मेकॅनिकला एका मिनिटाचं काम आहे." सुधाकर गंभीर होता. "नाव त्यांचं, जागा त्यांची. कागदं येऊ दे, मग बसवू." त्यानंतर गाडीत बसताना तो हळूच म्हणायचा, "रावसाहेब, जरा सरका." येलदरीच्या रस्त्यावर तो गाडी सुसाट सोडायचा. वहिनी शेजारी डोळे मिटून बसायच्या. चौकशी केली तर म्हणायच्या, "भ्या वाटत न्हाई. फक्त आमी तिघं हाव असं वाटतंय."

कागदं आली, सुधाकरच्या नावाची, पण तेराव्यानंतर. तोवर वालूरच्या एका व्यापाऱ्याने गाडी मागितली होती. तो यायच्या सकाळी वहिनींनी मला शेडमध्ये नेलं. "विकायला माझी ना न्हाई, भाऊजी. पण ह्यांचं हितं काही राहिलंय का, का सगळी त्या माणसाचीच हाय? तेवढं बघा." मी काय बघणार? उभ्या उभ्या गाडीची बॅटरी उतरली होती, मेकॅनिक नवी बसवून गेला होता. मी आत बसलो, गाडी सुरू केली. सीट क्षणभर थांबली. मग ती पुढे आली. हळूहळू, माझे गुडघे डॅशबोर्डला टेकेपर्यंत, स्टिअरिंग पोटात रुतेपर्यंत. सुधाकर बसायचा तेवढीच. बॅटरी उतरली की सीटची आठवण पुसते, असं मेकॅनिक नंतर म्हणाला. पुसली असेल. पण मग ती पुढे का आली, हे त्याला सांगता आलं नाही. त्या क्षणी वहिनी खिडकीतून सीटकडे बघत रडत होत्या. "बसले," त्या म्हणाल्या. "त्या व्यापाऱ्याला येऊ नका म्हणावं."

आता त्या गाडी शिकतायत. उंचीने सुधाकरएवढ्याच, म्हणून सीट हलवावी लागत नाही. शिकवायला मी जातो. परवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी अशी काही सोडली की मी ओरडलो, "वहिनी, हळू!" त्यांनी समोरून नजर हटवली नाही. "मी कुठं दाबायले, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "माझा पाय तर कवाच काढलाय..."