जपानी गाणं आणि लिंबाचा फोक

कॉलेजातल्या मित्राने माझ्या मोबाईलमध्ये एक जपानी चित्रपट टाकून दिला होता. लोककथेवरचा. बाईचं रूप घेतलेली कोल्हीण राजपुत्राला जीव लावते आणि शिकारी मागे लागले तरी गात-नाचत राहते. मी तो धाकट्या बहिणीला दाखवला. तिने त्यातलं एक गाणं, अर्थ न कळताच, पाठ केलं.

एका दुपारी केस सोडून, हातांचे पंजे करून ती ते गात नाचत होती. आमचे वडील, आप्पा, नवी पेठेतल्या दुकानातून जेवायला आले आणि दारातच थबकले.

"ही कुटली भाषा बोलाय लागली?"

ती घाबरून गप्प झाली. मी घरात होतो, मीही गप्प. मोबाईल अभ्यासाला घेऊन दिला होता. त्यात पिक्चर दिसला तर कॉलेज बंद, असं आप्पांनी आधीच बजावलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

पोरीला झपाटलंय, असं घरात ठरलं. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी टेंभुर्णीहून भूत उतरवणारा बुवा आणला. त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं.

"बोल, कोण हाईस तू?"

"मीच हाय की!"

"बगा, कसं फसवतंय."

मग कडुलिंबाचा ओला फोक. पाठीवर, पोटऱ्यांवर, तोंडावर. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. चुलत्यांनी तिचे पाय दाबून धरले. तरी तिने माझं नाव घेतलं नव्हतं. बुवाने तिचा हात पाठीमागे पिरगळला, तेव्हा ती ओरडली, "दादा, सांग की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगू?" मी म्हणालो.

लगेच तिचं हाड मोडल्याचा आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"मोरीत पाय घसरला," आप्पा म्हणाले.

"न्हाय," मी म्हणालो. "मारलंय हिला. पिक्चरमधलं गाणं म्हणत हुती ती. मीच दाखवला हुता. ठाऊक असून बघत उभा राहिलो."

आप्पांनी तिथेच माझ्या कानाखाली मारली. "ह्येच शिकलास व्हय कॉलेजात?"

डॉक्टरबाई मध्ये आल्या. "पोलिसांना हेच सांगशील?" त्यांनी मला विचारलं.

मी आप्पांकडे पाहिलं.

"त्याला नगा इचारू," बहीण सुजलेल्या ओठांनी म्हणाली. "मी सांगती."