अक्कांनी सांगितलेली कावीळ

पंगतीत बुंदी वाढली जात असायची आणि अक्का शेजारच्या पाहुण्याला विचारायच्या, "परसाकडले रगत पडस का, भाऊ?" पाहुण्याचा घास हातातच राहायचा. पारोळ्याला त्यांच्या भावकीत लग्न निघालं की अक्कांना पंगतीपासून लांब कसं ठेवायचं, याची बायकांत आधी चर्चा व्हायची. अक्का कुणाला जुमानत नसत.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी जावई झालो तेव्हा हीच बाई इतकं कमी बोलायची की चहा हवा का, हेसुद्धा डोळ्यांनी विचारायची. सासरे आधीच वारले होते. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी विचारलं, काय झालं होतं त्यांना? दाराआडून अक्का म्हणाल्या, "कावीळ." खरं तर मुंबईला त्यांचं पोट उघडलं होतं आणि आतड्याचा कॅन्सर निघाला होता. पण दोन मुली उजवायच्या होत्या. कॅन्सरच्या घरातली मुलगी कोण करणार, म्हणून अक्कांनी पोटच्या पोरांनाही कावीळच सांगितली.

माझं लग्न ठरलं त्याच सुमारास थोरल्या सुरेशला रक्त पडायला लागलं. तो धुळ्याला नोकरीला होता. मूळव्याध समजून ताक झालं, सुरणाची भाजी झाली, शेवटी अक्का त्याला तिथल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. घरात कुणाला आतड्याचा आजार होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. नाही, वडील काविळीने गेले, असं सुरेशने सांगितलं. शेजारी बसलेल्या अक्कांनी पदर तोंडाला लावला. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. डॉक्टरांनी मूळव्याधीच्या गोळ्या लिहून दिल्या.

माझ्या लग्नात सुरेशने मला आग्रह करकरून जिलेबी वाढली. त्याला मुंबईला नेलं तेव्हा बापाचाच कॅन्सर निघाला आणि फार उशीर झाला होता. वर्षाच्या आत तो गेला, तिशी नुकती ओलांडलेला.

त्याच्या तेराव्याला सगळे जेवायला बसणार, तेवढ्यात अक्का अंगणात उभ्या राहिल्या. "मना मालकले आतडाना कॅन्सर व्हता. मी बठ्ठासले कावीळ सांगी. मना सुरेश मनामुये गया." घरी आल्यावर माझे वडील म्हणाले, बाईने आपल्याला फसवलं. मला वडिलांचा संताप आला. पण खरं कळलं असतं तर त्यांनी ते स्थळ मोडलं असतं आणि मी मुकाट्याने मोडू दिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून अक्कांच्या नजरेला नजर देणं मला जड जाऊ लागलं.

सुरेशच्या मुंबईच्या डॉक्टरांनी एक सांगून ठेवलं होतं. त्याला ज्या वयात आजार निघाला, त्याच्या दहा वर्षं आधीपासून भावंडांनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं, काही त्रास नसला तरी. थोरल्या मुलीला अक्का लगेच नेऊन आल्या. ती ठीक निघाली. माझी बायको सुनंदा मात्र टाळत होती. मला काहीच होत नाही, मग कशाला, म्हणायची. ते वय ती केव्हाच ओलांडून बसली होती. एक दिवस अक्का पिशवी घेऊन जळगावला आमच्याकडे आल्या आणि तिच्यासमोर बसल्या.

"दुखानी वाट देखू नको, माय. तुना भाऊनी देखी."

आम्ही तिघं नाशिकला गेलो. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. घरात कुणाला होतं का? मी तोंड उघडायच्या आत अक्का खुर्चीवरून उठल्या. "इना बापले व्हता, इना भाऊले व्हता," त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की बाहेरची नर्स आत डोकावली.

सुनंदाच्या आतड्यात एक लहानसा कोंब, डॉक्टरांच्या भाषेत पॉलिप, सापडला. दुर्बिणीतूनच तो काढला. राहिला असता तर पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर धावत आलो आणि अक्कांना म्हणालो, "अक्का, तुम्ही वाचवलंत तिला."

बाकावर बसलेल्या अक्कांनी पदर तोंडाला लावला. मग तो बाजूला करून म्हणाल्या, "जवाईबापू, हाईच धुळाले सांगाले पाहिजे व्हतं."

मी त्यांच्याशेजारी बसलो. धुळ्याला त्या गप्प बसल्या होत्या, त्या माझ्या लग्नासाठी.