कुंकवाचं पान आणि चाळीस मिनिटं

"आबा, पुसाले नको व्हतं का?"

कृपालीने हे विचारलं तेव्हा पुसून झालं होतं. तिच्या एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात लॉगबुक. फडक्यावर लाल आणि निळा असे दोन रंग. लाल कुंकवाचा, निळा तिच्या जेलपेनचा. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी पस्तीस वर्षं विमानं उडवली. त्यातली शेवटची बरीच वर्षं पोरांना उडवायला शिकवण्यात गेली. आता लोणखेड्यात राहतो, केळीची बाग बघतो. तालुक्यात कुणाचं पोर पायलट व्हायला निघालं की घरचे त्याला एकदा माझ्याकडे आणतात. कृपाली म्हसावदची. बारावीनंतर अशीच आली होती, बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून. आता तिच्याकडे लायसन्स होतं, आणि सोमवारी मुंबईला एका एअरलाइनचा इंटरव्ह्यू होता. आज शुक्रवार होता. काल दसरा झाला होता.

लॉगबुक म्हणजे पायलटची स्वतःची वही. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ. तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ, एकट्याने की इन्स्ट्रक्टरबरोबर, दिवसा की रात्री. पानाच्या तळाशी तीन बेरजा असतात. या पानाची, मागच्या पानापर्यंतची आणि दोन्ही मिळून आजवरची. खाली चीफ इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का. इंटरव्ह्यूला लायसन्स सगळ्यांकडेच असतं. पॅनल आधी मागतं ते लॉगबुक. पायलट कसा आहे हे त्याच्या अक्षरावरून आणि बेरजांवरून कळतं असं जुने कॅप्टन मानतात. मीही मानतो.

झालं होतं ते असं. कृपालीची आजी, जिला सगळं घर मोठी माय म्हणतं, तिने दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडली. विळा, कुऱ्हाड, स्प्रेपंप, ट्रॅक्टरची चावी. मग तिला नातीची आठवण झाली. कपाटातून लॉगबुक काढलं, लिहिलेलं शेवटचं पान उघडलं, आणि ओल्या कुंकवाने अंगठ्याएवढं जाड स्वस्तिक काढलं. वर हळद, अक्षता, झेंडूचं फूल. सकाळी कृपालीने ते बघितलं आणि घाबरून ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. कुंकू राहिलं. आकडे गेले. तशीच फडकं आणि वही घेऊन ती बापाबरोबर माझ्याकडे आली.

"मी नवं बुक लई येसू," कृपाली म्हणाली. "दोन दिवस बसीसन सगळं लिखी टाकसू. एकदम नीट."

"आणि सह्या?"

तिने फडकं खाली ठेवलं.

"दोन वर्षांचं उड्डाण एका पेनने, एका अक्षरात? बघणाऱ्याला पहिल्या पानावरच शंका येईल. बनावट लॉगबुक म्हणजे लायसन्स गेलं समज. वर पोलीस."

"मंग ते एक पान काढी टाकू?"

मी इतका ओरडलो की बाहेर बसलेला तिचा बाप उठून आत आला. लॉगबुकला पाननंबर असतात. फाटलेलं पान नसलेलं पान होत नाही, लपवलेलं पान होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा माझा आवाज खाली आला. तिच्या शिक्षणासाठी घराने चार वर्षं काय काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं. हा इंटरव्ह्यू गेला तर पुढचा कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हे बघ," मी म्हटलं. "उड्डाण फक्त तुझ्या वहीत नसतं. विमानाची स्वतःची एक वही असते, तू शिकलीस त्या फ्लाइंग क्लबची एक असते. तिघींत तीच ओळ असते. उद्या क्लबला जाऊ."

शनिवारी सकाळी गाडी दाराशी आली तर मागच्या सीटवर मोठी माय आधीच बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर दशम्यांचा डबा.

"मोठी माय, तू कोठे?" कृपालीने विचारलं.

"मी बी ईसू. ट्रॅक्टरले कुकू लावं, विळाले लावं, मंग पोरनी वहीले काब्र नही लावानं? तिन्हं हत्यार शे ते. साहेबले मी सांगसू."

तिला घेऊन निघालो. दोंडाईच्याला चहा झाला, दशम्या झाल्या, आणि उन्हं चढायच्या आत फ्लाइंग क्लबला पोचलो.

तिथला चीफ इन्स्ट्रक्टर माझाच जुना विद्यार्थी. त्याने पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सर, हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मोठी माय पुढे झाली. "साहेब, चूक मन्ही शे. पोरनी काही नही करं. लिखानं व्हई ते मन्हं नाव लिखा."

"आजी, तुमचं नाव लॉगबुकात कसं लिहू? तुम्ही उड्डाण कुठे केलंय?"

"मंग करी लेसू. काढा इमान."

चीफ हसला आणि क्लबचं रजिस्टर मागवलं. निम्मं काम तिथेच झालं.

मग आम्ही एकेक ओळ जुळवायला बसलो. मी रजिस्टरमधून वाचत होतो, कृपाली लिहीत होती. कुंकवाचं चौदावं पान तसंच ठेवायचं, पंधराव्या पानावर त्याच ओळी पुन्हा उतरवायच्या. ओळी सगळ्या जुळल्या. शेवटची बेरीज जुळेना. क्लबच्या हिशेबाने कृपालीची उड्डाणं तिच्या लॉगबुकापेक्षा चाळीस मिनिटांनी जास्त निघत होती.

कमी असती तर मी समजू शकलो असतो. स्वतःचे तास कमी लिहिणारा पायलट मी आयुष्यात बघितला नव्हता.

मागे मागे जात अकराव्या पानावर सापडलं. शेवटच्या दोन ओळी. एक उड्डाण पन्नास मिनिटांचं, दुसरं पंचावन्न मिनिटांचं.

"यांची बेरीज किती लिहिलीस?"

"एक तास पाच मिनिटं."

"कशी केलीस?"

"मोबाइलवर. घाई व्हती, आबा."

मोबाइलला काय माहीत की तास साठ मिनिटांचा असतो? पॉइंट पन्नास अधिक पॉइंट पंचावन्न, एक पॉइंट शून्य पाच. खरी बेरीज एकशे पाच मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास. चाळीस मिनिटं तिथे सांडली, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक पानाच्या बेरजेत गेली. खाली चीफची सही आणि ठसठशीत शिक्का होताच. चीफ खिडकीबाहेरच्या विमानाकडे बघू लागला.

गंमत अशी की तीच चुकीची बेरीज कृपालीने एअरलाइनच्या फॉर्मवरही भरली होती. क्लबचं सर्टिफिकेट वेगळा आकडा सांगत होतं. पॅनलने दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर पहिलाच प्रश्न आला असता, यातलं खरं कोणतं? आणि पोरीला उत्तर आलं नसतं, कारण चूक झाल्याचा तिला पत्ताच नव्हता.

लॉगबुकात चूक खोडत नाहीत, व्हाइटनर तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख. अकरापासून तेरापर्यंत आम्ही रेघा मारत गेलो, या वेळी बॉलपेनने. कुंकवाच्या पानावर चीफने इंग्रजीत लिहिलं की हे पान दसऱ्याच्या पूजेत आणि नंतर पाण्याने खराब झालं, नोंदी क्लबच्या रजिस्टरवरून तपासून पंधराव्या पानावर घेतल्या आहेत. एअरलाइनला तिथूनच दुरुस्तीचा मेल गेला.

परतीच्या वाटेवर मोठी मायने विचारलं, "मंग कुकूनं काम खराब करं का चांगलं करं?"

उत्तराची वाट न बघता ती खूश होऊन झोपून गेली.

सोमवारी दुपारी कृपालीचा फोन आला. पॅनलमधले एक वयस्क कॅप्टन चौदाव्या पानावरच थांबले होते. त्यांनी टीप दोनदा वाचली.

"नवीन लॉगबुक करून का नाही आणलंस?"

"सर, गावाकडचे आबा लई ओरडले."

"आणि ही चाळीस मिनिटं?"

तिने मोबाइलची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. कॅप्टन म्हणाले, आता तोंडी कर. पस्तीस अधिक पंचेचाळीस. ती म्हणाली, एक तास वीस. मग त्यांनी हवामानाचं विचारलं, इंजिनाचं विचारलं, आणि जाता जाता आजीला नमस्कार सांगितला. आठ दिवसांनी सिलेक्शनचा मेल आला, तेव्हा ती म्हसावदहून पेढे घेऊन आली. मला फार फार आनंद झाला. मी तिला म्हटलं, कुंकू पुठ्ठ्यावर लावावं आणि बेरीज साठात करावी, एवढं लक्षात ठेव.

यंदाच्या दसऱ्याला कृपाली ट्रेनिंगला होती. सकाळीच मोठी मायचा फोन.

"भाऊ, पोरनं बुक पोरजोडे शे. पाटवर जागा खाली दिसस. तुन्हं आन."

रिटायर झाल्यापासून माझी चारही लॉगबुकं लोखंडी पेटीत पडून होती. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून म्हसावदला नेली. मोठी मायने चारही पुठ्ठ्यांवर कुंकू लावलं आणि परत देताना म्हणाली, "तुन्हं गणित तरी बराबर शे ना?"

मी हसलो. घरी येऊन पहिलं पुस्तक सहज उघडलं. एकोणिसाव्या पानाची बेरीज दहा मिनिटांनी चुकलेली होती. म्हणजे ती चूक पस्तीस वर्षं आणि चार पुस्तकं माझ्याबरोबर उडत होती, आणि मी लोकांच्या पोरांवर ओरडत होतो.

एक सरळ रेघ मारली. वर बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख. कृपालीला अजून सांगितलेलं नाही.